पिशव्या मोजून सफाई कळत नाही

मंडळी, सोमवार ते शुक्रवार सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माणसाने शनिवारी पेशींबद्दल का लिहावं, असं कुणाला वाटत असेल तर आधीच सांगतो, आजचा विषय आपल्याच धंद्यातला आहे. समजा एक क्यू आहे. त्यात जॉब साचलेत आणि मॉनिटरवर क्यूची लांबी वाढतच चाललीये. आता सांगा, कामं जास्त यायला लागलीत, की कामं उपसणारा प्रोसेस मरून पडलाय? नुसत्या लांबीवरून हे सांगता येत नाही. दोन्ही वेळा आलेख सारखाच दिसतो, पण एकदा सिस्टिम जोरात चालू असते आणि एकदा झोपलेली असते.

नेमका हाच घोळ आपल्या पेशींमधल्या साफसफाईबद्दल अनेक वर्षं होत आला. तो कसा सुटत गेला याची ही गोष्ट. तिच्यात उंदराचं यकृत आहे, बेकरीतलं यीस्ट आहे, एक मिलिमीटरची अळी आहे, आणि शेवटी आपल्याच ओढ्यानाल्यांतला एक बोटभर मासा आहे.

लिहायचं आणखी एक कारण. २०१६ साली ऑटोफॅजीवरच्या कामाला नोबेल मिळालं आणि तेव्हापासून 'आपल्या एकादशीला नोबेल मिळालं' अशा अर्थाचे फॉरवर्ड फिरताहेत. उपास केला की पेशी स्वतःचा कचरा खातात, म्हणून उपास करा, की झालं काम! यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याकडे शेवटी येऊ.

सुरुवात १९४९ पासून. बेल्जियममध्ये लुव्हेनला क्रिस्तियां द दुव्ह नावाचे शास्त्रज्ञ इन्शुलिन यकृतात काय करतं ते शोधत होते. उंदराचं यकृत वाटायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, आणि कुठलं एन्झाइम कुठल्या थरात आहे ते बघायचं, असं काम. तुलनेसाठी म्हणून अ‍ॅसिड फॉस्फटेज नावाचं एक साधं एन्झाइमही ते मोजत होते. एकदा यकृत हळुवार हाताने वाटलं, तर या एन्झाइमचं काम अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश भरलं. नमुने फ्रिजमध्ये ठेवून दिले. पाच दिवसांनी पुन्हा मोजले, तर आकडा चांगलाच वर गेलेला!

फ्रिजमध्ये ठेवलेली गोष्ट आपोआप जोमदार कशी होईल? द दुव्ह यांनी यावरून अनुमान काढलं की हे एन्झाइम पेशीत मोकळं फिरत नसून एखाद्या पिशवीत बंद आहे. पिशवी ताजी असताना ते आत अडकलेलं असतं, पिशवी फाटली की बाहेर येतं. अशी अनेक पाचक एन्झाइम्स एकाच प्रकारच्या पिशव्यांमध्ये सापडली आणि १९५५ मध्ये त्या पिशव्यांचं नाव ठेवलं गेलं लायसोसोम. आपण त्याला पेशीचा कचरा डेपो म्हणू. फक्त इथे कचऱ्याचे डोंगर होत नाहीत. जे येईल त्याचे सुटे भाग करून परत वापरायला पाठवले जातात.

तोवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली लोकांना आणखी एक विचित्र दृश्य दिसायला लागलं होतं. पेशीतल्या काही पिशव्यांमध्ये पेशीचेच तुकडे होते, म्हणजे अर्धवट पचलेलं मायटोकॉन्ड्रिया वगैरे. पेशी स्वतःलाच खातेय! १९६३ मध्ये लंडनच्या एका परिसंवादात द दुव्ह यांनी या प्रकाराला ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःला खाणं. त्यांना १९७४ मध्ये नोबेल मिळालं.

आता चित्र असं होतं. पेशीत एक दुपदरी पडदा तयार होतो, तो जुनं सामान गुंडाळून पिशवी बनवतो, पिशवी डेपोला जाऊन चिकटते आणि सामान पचतं. पिशवीला आपण घंटागाडी म्हणू. फोटो सगळ्यांकडे होते. पण गाडी कोण बांधतो, कोण चालवतो, डेपोचं दार कोण उघडतो, यातलं काहीही माहीत नव्हतं. पंचवीसेक वर्षं हा विषय असाच फोटोंपुरता राहिला.

मग १९८८ मध्ये टोकियो विद्यापीठात योशिनोरी ओसुमी यांनी स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली. वय ४३. विषय निवडला यीस्टच्या पेशीतली व्हॅक्युओल, म्हणजे यीस्टचा कचरा डेपो. फारसं कुणी त्या वाटेला जात नव्हतं. ओसुमींना तेच बरं वाटलं.

त्यांची युक्ती बघा, डिबगिंग करणाऱ्या कुणालाही आवडेल अशी आहे. डेपो नीट चालू असेल तर आत आलेला माल लगेच पचतो आणि मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही. मग डेपोच बंद पाडला तर? ज्यांच्यात प्रथिनं पचवणारी एन्झाइम्सच नाहीत असं यीस्ट त्यांनी घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत व्हॅक्युओल छोट्या छोट्या गोळ्यांनी गच्च भरली आणि साध्या मायक्रोस्कोपखाली ते गोळे आत थयथयताना दिसायला लागले. आलेला माल जाळायलाच कुणी नव्हतं, म्हणून गाड्या पहिल्यांदा दिसल्या. हे काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं.

इथे जरा थांबा. ओसुमींना पिशव्या भरपूर दिसल्या त्या सफाई जोरात चालू होती म्हणून नव्हे, तर शेवटची पायरी अडवली होती म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

एकदा गोळे दिसायला लागल्यावर पुढचं काम सरळ होतं (म्हणजे सांगायला सरळ, करायला महाकंटाळवाणं). यीस्टमध्ये सरसकट बिघाड करायचे आणि उपाशी ठेवूनही ज्यांच्यात गोळे बनत नाहीत असे नग शोधायचे. ओसुमी आणि त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी १९९३ मध्ये अशी १५ जनुकं जाहीर केली. गंमत म्हणजे हे बिघडलेलं यीस्ट भरपेट खायला मिळालं तर मजेत वाढायचं. उपाशी ठेवलं की मात्र लवकर मरायचं. सुबत्तेत ज्या बिघाडाचा पत्ताच लागत नाही, तो टंचाईत जीव घेतो.

दुसऱ्या प्रयोगशाळांनीही हीच जनुकं शोधली आणि प्रत्येकाने आपापली नावं ठेवली. एकाच व्हेरिएबलला प्रत्येक टीमचं वेगळं नाव! शेवटी २००३ मध्ये सगळ्यांनी मिळून एकच नाव ठरवलं, एटीजी, आणि पुढे नंबर. आपल्याकडे कोडिंग स्टँडर्डच्या मीटिंगमध्ये यापेक्षा कमी गोष्टींवर जास्त भांडणं होतात.

पुढचा टप्पा उंदराचा. नोबोरू मिझुशिमा मूळचे डॉक्टर, ओसुमींकडे संशोधनाला आलेले. २००४ मध्ये त्यांच्या गटाने पिशवी बांधायला लागणारं एटीजी५ हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. पिल्लं जन्मताना जवळजवळ नॉर्मल दिसायची, पण एका दिवसाच्या आत मरायची. जन्माच्या क्षणी नाळ तुटते आणि दूध सुरू होईपर्यंत पिल्लू खरोखर उपाशी असतं. तेवढा वेळ ते स्वतःतलंच सामान मोडून तग धरतं. ती सोयच काढून घेतली होती. २००६ मध्ये जपानमधल्याच दोन गटांनी फक्त मेंदूपुरती ऑटोफॅजी बंद केली. या उंदरांना खायला मुबलक होतं, तरीही काही आठवड्यांत त्यांच्या हालचाली बिघडत गेल्या आणि चेतापेशींमध्ये नको असलेल्या प्रथिनांच्या गाठी साचल्या. म्हणजे ऑटोफॅजी ही फक्त दुष्काळातली शिदोरी नाही. रोजची झाडलोटही तीच करते.

आता आपल्या गोष्टीचं मुख्य जनुक येतंय. यीस्ट म्हणजे एका पेशीचा संसार. आपलं शरीर म्हणजे अब्जावधी बिऱ्हाडांची सोसायटी. मोठ्या प्राण्यांत सफाईसाठी काही जादा माणसं नेमलेली असणार, जी यीस्टकडे नाहीतच. ती शोधायला बीजिंगमधल्या होंग झांग यांच्या गटाने सी. एलेगन्स नावाची अळी घेतली. या अळीच्या भ्रूणात काही विशिष्ट कण ठराविक पेशींमधून ऑटोफॅजीने साफ होतात. ते जिथे नकोत तिथे शिल्लक राहिलेल्या अळ्या त्यांनी निवडल्या. २०१० मध्ये अशी काही नवी जनुकं जाहीर झाली, त्यातलं एक ईपीजी५.

ईपीजी५ काय करतं? ते पिशवी बांधत नाही. पिशवी बांधून, भरून, डेपोच्या फाटकाशी आल्यावर तिला नेमक्या डेपोशीच जोडून देणारा हा माणूस. तो नसला तर गाडी भरलेली असते, इंजिन चालू असतं, पण माल उतरत नाही. किंवा गाडी भलत्याच दाराशी लागते.

ही अळीची गोष्ट माणसांपर्यंत फार लवकर पोचली. १९८८ मध्ये इटलीतल्या कार्लो डिओनिसी-व्हिची या डॉक्टरांनी दोन भावांचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा तयार झालेला नाही, डोळ्यांत मोतीबिंदू, त्वचा आणि केसांचा रंग फिका, हृदयाचा स्नायू कमजोर, प्रतिकारशक्ती ढासळलेली. इतक्या वेगवेगळ्या अवयवांत एकदम बिघाड होण्यासारखं एक कारण काय असेल, ते पंचवीस वर्षं कळत नव्हतं. २०१३ मध्ये कळलं, ईपीजी५ जनुकातला दोष. आजाराचं नाव व्हिची सिंड्रोम. यातली बरीच मुलं लहानपणीच जातात. झाडलोटीची शेवटची पायरी सगळ्याच अवयवांना लागते, म्हणून ती अडली की सगळीकडेच काही ना काही बिघडतं.

अशा आजारात वयानुसार, अवयवानुसार नेमकं काय होतं ते कसं बघणार? उंदरावर काम झालंच. २०१३ मध्येच झांग यांच्या गटाने दाखवलं की हे जनुक नसलेल्या उंदरांमध्ये ठराविक चेतापेशी मरत जातात. पण उंदराचा भ्रूण आईच्या पोटात असतो, तो जिवंतपणी वाढताना बघणं अवघड. इथे मासा आला.

झेब्राफिश हा अंगावर निळसर पट्टे असलेला तीन-चार सेंटीमीटरचा मासा. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात काचेच्या टाकीत तुम्ही तो नक्की पाहिला असेल. तो मूळचा आपल्या भागातला, भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत राहणारा. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. प्रयोगशाळेत त्याला मानाचं स्थान दिलं जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी, अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात. त्यांचा गाजलेला पेपर १९८१ चा. फायदे उघड आहेत. अंडी शरीराबाहेर वाढतात, भ्रूण काचेसारखा पारदर्शक असतो, साधारण एका दिवसात हृदय धडधडायला लागतं आणि एक मादी एका वेळी शंभरेक अंडी सहज घालते. वर शेपटीचा पर कापला तर पुन्हा उगवतो, हृदयाचा तुकडा कापला तरी भरून येतो. आज मुंबईच्या टीआयएफआरमध्ये याच माशाच्या त्वचेवर आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या हृदयावर काम चालतं. ओढ्यातला मासा ओरेगॉनमार्गे घरी परत आला म्हणायचा!

२००९ मध्ये मिशिगन विद्यापीठात डॅनियल क्लियोन्स्की यांच्या प्रयोगशाळेतून असे झेब्राफिश आले ज्यांच्यात ऑटोफॅजीच्या पिशव्या हिरव्या चमकतात. युक्ती अशी की पिशवीच्या पडद्याला चिकटणारं एलसी३ नावाचं प्रथिन असतं, त्याला जेलीफिशचं चमकणारं प्रथिन जोडून दिलं. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या एका गटाने अशाच चमकत्या माशांच्या शेपटीचा पर कापला. जिथे नवा पर उगवतो त्या पेशींमध्ये पिशव्या वाढलेल्या दिसल्या, आणि औषध देऊन ऑटोफॅजी अडवली तर पर उगवायचा थांबला.

पण माशांच्या संशोधनात एक मोठी गडबड होती. तोवर जनुक 'बंद' करायला बहुतेक सगळे मॉर्फोलिनो वापरत. हा एक कृत्रिम रेणू आहे. अंड्यात टोचला की काही दिवस त्या जनुकाचा संदेश अडतो. झटपट काम, २००० पासून सगळ्यांचं लाडकं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नेथन लॉसन यांच्या गटाने एकाच जनुकावर दोन्ही प्रयोग ताडून पाहिले, मॉर्फोलिनो टोचलेले मासे आणि तेच जनुक कायमचं मोडलेले मासे. मॉर्फोलिनोने दिसणारे सुमारे ८० टक्के दोष जनुक मोडलेल्या माशांत दिसलेच नाहीत! काही वेळा मॉर्फोलिनो भलतीकडेच गोंधळ घालत होता. आणि त्याच वर्षी डिडिएर स्टेनिए यांच्या गटाने दाखवलं की काही वेळा उलटं होतं, जनुक कायमचं गेलं की शरीर दुसऱ्या जनुकांकडून ते काम भागवून घेतं. थोडक्यात, आधीच्या ढीगभर निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह लागलं. नशिबाने २०१३ पासून क्रिस्परने माशाचं जनुक कायमचं मोडता येऊ लागलं होतं.

या सगळ्या पार्श्वभूमीवर २०१९ मध्ये इटलीतल्या पादुआच्या शास्त्रज्ञांनी ईपीजी५ कायमचं गेलेल्या झेब्राफिशचा अभ्यास छापला. पहिला निकाल बुचकळ्यात टाकणारा होता. मासे जगले, वाढले, वयात आले, बाहेरून बघता धडधाकट. आता शंका अशी येते की अंड्यात आईने ठेवलेला साठा असतो, म्हणजे आईने दिलेला डबा म्हणा ना, त्यावर सुरुवात निभली असेल. म्हणून दोन्ही पालकांकडे हे जनुक नसलेली पिल्लंही पाहिली. तीही जगली.

पण आत काय चाललं होतं? या माशांत एलसी३चं पिशवीला चिकटलेलं रूप जास्त सापडलं. भोळेपणाने वाचलं तर याचा अर्थ झाला, 'वा, यांच्यात ऑटोफॅजी जास्त चालते!' प्रत्यक्षात पिशव्या फाटकाशी खोळंबल्या होत्या. क्यू लांब होता, कारण उपसणारा नव्हता.

मग पिल्लांना उपाशी ठेवलं. उपासाने पिशव्या बनायला जोर येतो, तो इथेही आला आणि साठा आणखी वाढला. त्याच वेळी स्नायूंची तपासणी केली. पोलराइज्ड प्रकाशात माशाचा निरोगी स्नायू उजळ चमकतो, कारण त्याचे तंतू शिस्तीत लागलेले असतात. उपाशी पिल्लांमध्ये ही चमक बरीच कमी झाली होती. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली स्नायूंत न पचलेल्या मालाने भरलेल्या पिशव्या दिसल्या. आणि जसजसं वय वाढलं तसतशी बाहेरूनही लक्षणं आली, पोहणं मंदावलं, स्नायू बारीक झाले, हृदयात आणि प्रजनन अवयवांत बदल दिसले.

आपल्या भाषेत याला टेक्निकल डेट म्हणतात. रिलीजच्या दिवशी सगळं हिरवं असतं. बिल नंतर येतं, एक तर लोड वाढल्यावर किंवा सिस्टिम जुनी झाल्यावर. माशाच्या बाबतीत लोड म्हणजे उपास, आणि जुनी होणं म्हणजे म्हातारपण. ऊतींचं आरोग्य एका दिवसाच्या फोटोवरून ठरत नाही, हे या माशाने जितकं स्वच्छ दाखवलं तितकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

पिशव्यांच्या मोजणीचा हा घोळ इतका सार्वत्रिक होता की २००८ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र बसून ऑटोफॅजी कशी मोजावी याची मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. तिची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये आली. त्यातला सगळ्यात कळीचा सल्ला हाच, पिशव्यांची संख्या म्हणजे ऑटोफॅजी नव्हे. माल आत गेला किती आणि पचला किती, हा प्रवाह मोजा. त्यासाठी मुद्दाम डेपो बंद करून किती साठा वाढतो तेही बघा. डेपो बंद केल्यावर साठा वाढला, तर आधी तो चालू होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच बंद होता किंवा गाड्याच येत नव्हत्या. ओसुमींची १९९२ ची युक्ती, आता नियम म्हणून!

आता उपासाच्या फॉरवर्डकडे वळू. ओसुमींना नोबेल मिळालं ते ऑटोफॅजी कशी चालते हे शोधल्याबद्दल, आणि मूळ काम यीस्टवरचं होतं. कुठल्या उपासाच्या वेळापत्रकाला ते मिळालेलं नाही. भुकेने पिशव्या बनायला चालना मिळते, हे यीस्टपासून उंदरापर्यंत सिद्ध आहे. पण 'पिशव्या वाढल्या' आणि 'सफाई झाली' यांच्यामध्ये फाटक आहे, आणि फाटकावर ईपीजी५ सारखे अनेक कामगार आहेत. ते ठीक असतील तर भुकेची चालना पचेल. ते नसतील तर तीच भूक नुकसान करेल, जसं पादुआच्या माशांच्या स्नायूंचं झालं. एकादशी जरूर करा, श्रद्धेने करा, साबुदाण्याच्या खिचडीसाठी करा (तेव्हा मात्र कॅलरीचा हिशोब विचारू नका). पण घरातल्या मधुमेही आजोबांना किंवा आजारी बाळाला 'नोबेलवाल्यांनी सांगितलंय' म्हणून उपाशी ठेवू नका. नोबेलवाल्यांनी तसं काही सांगितलेलं नाही.

व्हिची सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आईबापांसाठी हा फरक शब्दांचा खेळ नाही. त्यांच्या मुलांसाठी उद्या एखादं औषध शोधलं गेलं, तर 'ऑटोफॅजी वाढवणारं' औषध हा पहिला मोह असेल. पण ज्या घरात गाड्या फाटकाशी अडल्यात तिथे आणखी गाड्या पाठवून काय होणार? आधी फाटक उघडायला हवं. ते उघडतंय की नाही, हे तपासायला तो बोटभर पारदर्शक मासा आता तयार आहे.

असो. सोमवारी डॅशबोर्डवर एखादा क्यू लांबलेला दिसला, तर लगेच नवे सर्व्हर मागायच्या आधी उपसणारा जिवंत आहे का ते बघा. पुढच्या शनिवारी भेटूच.